चिंगीच्या मापाचा फ्रॉक

चिंगी आठ वर्षांची होती. ती कुत्र्यांना घाबरायची, दुधावरची साय चमच्यानं बाजूला काढायची आणि शाळेत खिडकीशीच बसायचा हट्ट धरायची. अडचण एकच होती. ती जन्मलीच नव्हती.

हे तिच्या आईखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. आता अशा बाईला आई म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. पण शिवणकामाच्या त्या कारखान्यात सगळे तिला ‘चिंगीची आई’ अशीच हाक मारायचे, तेव्हा तूर्त आपणही तसंच म्हणू. ‘कारखाना’ हा शब्दही मास्तरांचं मन राखायचं म्हणून. खरं तर तळमजल्यावरच्या दोन लांबट खोल्या. पुढच्या खोलीत मास्तरांचं कापायचं टेबल आणि इस्त्री, मागच्या खोलीत भिंतीला लागून मशिनं, आणि उजेड येतो तिथं खिडकीशी काजाकाकू. काजं करणं आणि बटणं लावणं हे काकूंचं काम. ज्याची त्याची चौकशी करणं हा त्यांचा हक्क.

ती पहिल्या दिवशी मशिनवर बसली तेव्हा काकूंनी दातांनी दोरा तोडत विचारलं होतं, ‘मुलं किती गं तुला?’

बाईला पहिल्या भेटीत लोक हेच का विचारतात, कोण जाणे. तुला काय येतं, हा प्रश्न शिवणकामाच्या जागीसुद्धा सगळ्यात शेवटी येतो. खरं उत्तर दिलं की पुढं काय होतं हे तिला तोंडपाठ होतं, कारण आधीच्या नोकरीत तिनं खरं सांगून बघितलं होतं. ‘नाहीत’ म्हटलं की समोरचीचा आवाज एकदम खाली येतो. मग ‘दाखवलं होतंत का कुठं?’ मग ‘आणि मिस्टर काय म्हणतात?’ मिस्टर काही म्हणत नाहीत, घटस्फोट झाला, त्यांनी दुसरं लग्न केलं, हे सांगितलं की मग विचारायलाच नको. तिथल्या एका मुलीला दिवस गेले तेव्हा ती मुलगी हिच्या शेजारच्या मशिनवरून उठून पार दाराजवळच्या मशिनवर जाऊन बसली. कुणी कारण विचारलं नाही. सगळ्यांना ते कळलेलं होतं, आणि हिलाही.

म्हणून त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, ‘एक मुलगी आहे.’

‘नाव काय?’

‘चिंगी म्हणतो आम्ही.’

‘अगंबाई, गोड! आणि मिस्टर?’

‘बाहेर असतात. कामानिमित्त.’

यातलं ‘बाहेर असतात’ एवढं तरी खरं होतं.

नवरा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. त्यानं कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही. तसं काही असतं तर चारचौघांत सांगायला सोपं गेलं असतं. लग्नानंतरची सगळी वर्षं दवाखान्यांच्या बाकांवर गेली. सासू पाहुण्यांसमोर हिच्याकडं न बघता म्हणायच्या, ‘आमच्याच नशिबात नाही हो,’ आणि त्या ‘आमच्या’त आपल्याला धरलेलं नाही, हे हिला बरोबर समजायचं. एके दिवशी संत्रं सोलता सोलता तो म्हणाला, ‘माझं तुझ्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मला घरात मूल हवंय.’ तिनं अर्धं संत्रं खाल्लंसुद्धा. पुढं कोर्टात सही करताना तिला वाटत होतं, आपण गुन्हा कबूल करतोय.

मग काही महिने भावाकडं. वहिनी चांगली होती, पण कुणी आलं की ‘ही आमच्या यांची बहीण, असते इथंच,’ असं म्हणायची. जुन्या कपाटाबद्दल सांगावं तसं. शेवटी तिनं गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. खोलीत एक पलंग, एक शेगडी, एक मशिन आणि लाकडी पाठीची एक खुर्ची.

ही अशी बाई, आणि कामात म्हणाल तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मास्तर सगळे गळे तिच्याकडं द्यायचे. कपड्यात गळा हे सगळ्यात नाठाळ काम. जरा ताणला की लोंबतो, जरा आवळला की चुण्या पडतात. तिच्या हातचा गळा मात्र असा बसायचा की शिवण शोधावी लागे. पण त्याबद्दल तिला कुणी कधी काही म्हटलं नाही, आणि आपल्याला कुणी काही म्हणावं असं तिलाही वाटत नव्हतं. म्हणायचे ते हे, की ‘एकटीनं पोरीचं किती गं करतेस!’ हे वाक्य ऐकलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कितीतरी वर्षांत तिला कुणी शाबासकी दिली नव्हती. मिळाली ती ही, आणि हीसुद्धा चोरीची.

खोटं बोलणं जड जातं ते पहिल्यांदाच. पुढं ते आपलं आपण वाढतं. चिंगीचे दुधाचे दात पडले, नवे आले. चिंगी पाढ्यांत अडखळली. एकदा ही स्वतः तापानं घरी राहिली आणि फोन करून म्हणाली, चिंगीला ताप आहे. दुसऱ्या दिवशी ती आली तशी काजाकाकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. ‘उतरला का? डोक्यावर पट्ट्या ठेवल्यास का? एकटी काय करत असशील गं! माझा तर काल सगळा जीव तिकडंच होता.’

काकूंची मुलं परदेशी होती. नात होती, पण ती फोनच्या काचेत. त्यामुळं काकूंचा सगळा लोभ चिंगीवर. चिंध्यांतून चांगले तुकडे निवडून त्या चिंगीच्या बाहुलीला झगे शिवायच्या. रिबिनी आणायच्या, खोडरबरं आणायच्या. ‘एकदा आण गं तिला इकडं,’ म्हणायच्या, आणि ही दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. कधी शाळा, कधी क्लास, कधी ‘लाजते हो फार’. घरी आली की ती झगे आणि रिबिनी पलंगाखालच्या बॅगेत ठेवायची. तिला वेड लागलेलं नव्हतं. ती दोन ताटं वाढून बसत नव्हती. बॅगेचं झाकण लावताना दरवेळी तिला स्वतःची शरम वाटायची, आणि तरी सकाळी कुणी ‘काय म्हणतेय चिंगी?’ विचारलं की चेहरा उजळायचा.

त्या वर्षी एका शाळेचं मोठं काम आलं. एरवी मास्तरांकडं शर्ट यायचे, समोर बटणं असलेले. या शाळेला मुलींसाठी फ्रॉक हवा होता, आणि तोही डोक्यातून घालायचा. शाळेच्या मोठ्या बाईंचं म्हणणं, लहान मुलींना बटणं लावता येत नाहीत, वर्गात शिक्षिकांचा निम्मा वेळ त्यातच जातो. शाळेनं दिलेल्या चित्रात गळा मानेलगत गोल होता.

मास्तरांनी आठ वर्षांच्या मापाचा नमुना कापला, तिनं शिवला. मधलं माप नीट बसलं की त्यावरून लहानमोठी मापं काढायची, ही तिथली रीत. आणि मास्तरांचा दुसरा नियम त्याहून पक्का होता. नमुना जिवंत मुलाच्या अंगावर चढल्याशिवाय कापडाच्या थप्पीला कात्री लावायची नाही. ‘मापाच्या पुठ्ठ्याला घाम येत नाही, पुठ्ठा हात वर करत नाही,’ असं ते म्हणायचे.

त्यांनी नमुना घडी करून तिच्या हातात दिला. ‘चिंगीच्या आई, घरी नेऊन पोरीला घालून बघ. गळा मला जरा आवळ वाटतोय. डोक्यातून सहज गेला तर ठीक, नाही तर मागं चीर देऊ. उद्या सांग, म्हणजे कापायला घेतो.’

‘बघते,’ ती म्हणाली.

तिच्या खालच्याच मजल्यावर साधारण त्याच वयाची एक मुलगी राहायची. संध्याकाळी फ्रॉक पिशवीत घालून ती त्या दारापर्यंत गेली. त्या घराला हिची सगळी कहाणी माहीत होती. घर बघायला ती भावाबरोबर आली होती, आणि भावाच्या तोंडात तीळ भिजत नसे. तेव्हापासून ही जिन्यात दिसली की मुलीची आई मुलीचा हात धरून जरा भिंतीकडं सरकायची. असं हिला वाटायचं. खरंच सरकायची की जिना अरुंद होता, हे हिनं कधी पडताळून बघितलं नव्हतं. हिनं बेलकडं हात नेला. आतून मुलीचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. काय म्हणून मागायची तिला? घटकाभर तुमची मुलगी द्या, मला नाहीये म्हणून? ती हात खाली घेऊन वर आली.

खोलीत तिनं फ्रॉक खुर्चीच्या पाठीवर चढवला. खुर्चीची पाठ वरून गोल होती, खांद्यांसारखी. फ्रॉक असा चपखल बसला की ती मटकन पलंगावर बसली. समोर चिंगी पाठमोरी उभी होती. तिनं पुढं होऊन चुण्या सारख्या केल्या, खांद्यावरचा दोरा काढला. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. तिची बोटं गळ्यावरून फिरली तेव्हा बोटांना कळलं होतं, आवळ आहे. गळ्यांत तिचा हात चुकत नसे. पण त्या घटकेला तिला तो फ्रॉक कुणाच्या अंगावर आहे एवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, ‘गेला का गं डोक्यातून?’

‘गेला की. अगदी बेतात बसला.’

‘मग राहू दे तो तिलाच. माझ्याकडून.’ मास्तरांनी कात्री उचलली.

शाळा सुरू झाली त्याच दिवशी मोठ्या बाईंचा फोन आला. मास्तर फोन कानापासून लांब धरून ऐकत होते, तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. गळा कुणाच्याच डोक्यातून जात नव्हता. ओढून घातला तर कान लालबुंद. एका मुलीचं डोकं तर अर्ध्यात अडकलं आणि वर्गात आरडाओरडा झाला. शेवटी कात्रीनं फ्रॉक कापून तिला मोकळं केलं. आठवडाभरात सगळे फ्रॉक नीट करून द्या, नाहीतर परत पाठवतो आणि पुढच्या वर्षी तुमच्या दारात येत नाही.

मास्तरांनी फोन ठेवला. सगळं काम थांबलं, मागच्या खोलीतले सगळे पुढं आले. इस्त्रीवाल्या भाऊंनीसुद्धा इस्त्री उभी केली.

‘असं कसं झालं?’ काकू म्हणाल्या. ‘आपल्या चिंगीला तर बसला होता!’

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. तिला आपलाच आवाज ऐकू आला. ‘तिचं डोकं जरा लहानच आहे.’

‘ए, काहीतरी काय?’ काकू उसळल्या. ‘पोरीच्या डोक्याला नावं ठेवू नकोस. चांगली हुशार आहे ती. उद्या घेऊन ये तिला, शाळा गेली खड्ड्यात. इथं माझ्यासमोर घालून बघू.’

मास्तर टेबलापाशी जाऊन दोन्ही तळहात टेबलावर टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, ‘नका आणू पोरीला. नमुना तिला बसला, आणि मालच बसत नाही, म्हणजे कळलं काय झालं ते. थप्पी कापताना माझा हात सरकला. खडूची रेघ मला हल्ली दुहेरी दिसते. बोललो नाही कुणाला.’ त्यांनी गळ्यातली टेप काढली. ती टेप त्यांच्या गळ्यात नाही असं त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं. ती गुंडाळून त्यांनी कात्रीवर ठेवली. ‘झालं आता. उद्यापासून दुसरा कापणारा बघतो. माझ्या हातून नको.’

‘अहो मास्तर, एकदा चुकलं म्हणून काय—’ भाऊ म्हणाले.

‘गळा चुकला भाऊ. कुणाच्या पोरीचा जीव गेला असता.’

काय करायचं ते तिला त्या क्षणी ठरवायचं होतं. गप्प बसली असती तर चिंगी वाचली असती. हाक वाचली असती, ती शाबासकी, सकाळची विचारपूस, काकूंच्या रिबिनी, सगळं वाचलं असतं. म्हाताऱ्या माणसाला हल्ली नीट दिसत नाही, यात कुणाला काय आश्चर्य वाटणार होतं? समोर मास्तर टेबलावरची धूळ उगाच हातानं झाडत होते. टाकून दिल्यावर माणूस कसा दिसतो ते तिनं आरशात बघितलेलं होतं. आपण टाकाऊ आहोत हे मान्य करून टाकणारं हे तोंड तिच्या ओळखीचं होतं.

‘तुमचा हात सरकला नाही मास्तर,’ ती म्हणाली. ‘तो फ्रॉक कुणी घातलाच नव्हता.’

‘म्हणजे?’

‘मला मुलगी नाही.’

काकू हसल्या. ‘काय बोलतेयस? चिंगी—’

‘चिंगी कधीच नव्हती, काकू. मला मूल झालं नाही. नवराही नाही. त्यानं दुसरं लग्न केलं, त्याला मुलं आहेत. मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून खोटं सांगितलं. फ्रॉक मी खुर्चीला घातला होता.’

एका दमात बोलून ती थांबली. आता आवाज खाली येतील, आता मशिनं लांब सरकतील, म्हणून तिनं मान खाली घातली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण रडूही येईना.

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी एकदम विचारलं, ‘म्हणजे मी बरोबर कापलं होतं?’

‘हो.’

मास्तरांनी श्वास सोडला. टेप उचलून परत गळ्यात घातली. माणूस बघा कसा असतो, समोरचीवर आभाळ कोसळलंय आणि याचा जीव भांड्यात पडला. पण तिला त्याचा राग आला नाही, उलट बरंच वाटलं. दुसऱ्या मिनिटाला मात्र मास्तर टेबलावर हात आपटून ओरडले, ‘अगं पण खुर्चीला डोकं असतं का? गळे करणारी तू! इतके गळे केलेस आणि खुर्चीला डोकं नसतं एवढं सुचलं नाही तुला?’

भाऊंना हसू आवरेना म्हणून ते मागच्या खोलीत गेले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी आपली सुई उशीला टोचली, पिशवी उचलली आणि कुणाकडं न बघता दारातून निघून गेल्या.

‘मी उद्यापासून येत नाही,’ ती म्हणाली.

‘येत नाही कशी? तुझं निस्तरायला मी जाऊ?’ मास्तर म्हणाले. ‘सगळे फ्रॉक परत येतायत. उपाय काय ते सांग.’

कारखान्यात उरलेला एक फ्रॉक तिनं हातात घेतला. गळ्यावरून बोटं फिरवली, आणि या वेळी बोटांचं ऐकलं. ‘मागची शिवण वरून वीतभर उसवायची. आतून पट्टी लावायची, वर एकच बटण. चीर उघडली की डोकं जाईल आणि बटण लावलं की गळा चित्रातल्यासारखा राहील. एक बटण शिक्षिका लावतील.’

‘आणि उसवताना कापड फाटलं तर?’

‘माझ्या हातून नाही फाटणार,’ ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. असलं वाक्य तिनं जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. आल्यापासून संध्याकाळपर्यंत ती उसवत होती, पट्ट्या लावत होती. चूक हिची, पण काजं काकूंनाच करायची होती. काकू आल्या, काजं करू लागल्या, पण हिच्याशी एक शब्द नाही. फ्रॉक घ्यायचे झाले तर भाऊंना सांगायच्या. मास्तर सवयीनं हाक मारायचे, ‘अगं चिंगीच्या—’ आणि मध्येच खोकायचे. त्या अर्धवट हाकेनं दरवेळी तिच्या काळजात कळ यायची. सगळ्यांना वाटत होतं तिला लाज वाटत असेल. लाज होतीच. पण त्याहून जास्त एक सुतक होतं, जे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. घरी जाताना शाळेचा रस्ता लागे, तिथं तिची पावलं आपोआप मंदावत. चिंगीला आता पुढच्या इयत्तेत घालायचं होतं. तिच्यासाठी निळी बाटली घ्यायची असं ठरलं होतं.

नमुन्याचा फ्रॉक तिच्याकडंच होता. त्यालाही तिनं चीर दिली, पट्टी लावली, बटण शिवलं. मास्तरांचा नियम मास्तरांनी या वेळी बोलून दाखवला नाही. त्यांनी फक्त चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं.

संध्याकाळी ती खालच्या मजल्यावर थांबली आणि बेल दाबली. दार मुलीच्या आईनं उघडलं.

‘मी वर राहते. शाळेचे फ्रॉक शिवते,’ ती म्हणाली. ‘हा घालून बघायला मला एक मुलगी हवीय. मला स्वतःचं मूल नाही. म्हणून तुमच्याकडं आले.’

बाई क्षणभर गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते हिनं बघितलं, पण नजर वळवली नाही. मग बाई म्हणाली, ‘मग एवढं अवघडायचं कशाला? या ना आत. घरात पसारा आहे हां.’ आणि आत वळून ओरडली, ‘टीव्ही बंद कर आणि इकडं ये!’

मुलगी आली आणि तिनं हात वर केले. फ्रॉक खाली आला, डोकं आत गेलं, क्षणभर कापडात नुसती धडपड, आणि मग चिरेतून विस्कटलेले केस, कपाळ आणि नाक बाहेर आलं. हिनं मागून बटण लावलं. मानेवर बारीक घाम होता, खोबरेल तेलाचा वास होता. खुर्चीला यातलं काहीच नव्हतं.

‘तुझी मुलगी कुठाय?’ मुलीनं विचारलं.

‘मला मुलगी नाही.’

‘बरं,’ मुलगी म्हणाली. ‘माझे केस अडकलेत बटणात. सोडव ना.’

तिनं केस सोडवले. वर खोलीत आल्यावर ती खूप रडली. खुर्ची तिनं भिंतीकडं तोंड करून ठेवली होती, ती ओढून घेतली आणि तिच्यावर बसली. त्या खुर्चीवर ती कितीतरी दिवसांत बसली नव्हती.

सगळे फ्रॉक गेले त्या दिवशी शाळेतून फोन आला नाही. मास्तरांच्या लेखी फोन न येणं म्हणजे पसंती. ते भाऊंना घेऊन चहाला बाहेर गेले. मागच्या खोलीत ती आणि काकू, दोघीच. ती मशिनमधला कचरा ब्रशनं काढत होती.

‘मी तिच्या तापात जेवले नव्हते,’ काकू खिडकीकडं बघत म्हणाल्या.

तिनं ब्रश खाली ठेवला.

‘घटस्फोट झाला म्हणाली असतीस तर काय मी तुला खाल्लं असतं? मूल नाही म्हणाली असतीस तर?’ काकूंचा आवाज फाटला. मग त्याच म्हणाल्या, ‘खाल्लं असतं म्हणा थोडंफार. चार सल्ले दिले असते. माझ्या जिभेला हाड नाही, मला ठाऊक आहे. पण म्हणून पोर देऊन काढून घ्यायची? घरी जाताना दुकानात मी अजून तिच्या मापाचं काही दिसलं की थांबते. आता तिच्यासाठी रडू तरी कसं? लोक काय म्हणतील, नसलेल्या पोरीसाठी रडते थेरडी.’

‘मला पण येते काकू, तिची आठवण,’ ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी सायकल लावली.

‘तुझं नाव काय गं?’ काकूंनी विचारलं. ‘मी आपली चिंगीची आई, चिंगीची आई करत राहिले. विचारलंच नाही.’

तिनं सांगितलं. काकूंनी ते एकदा पुटपुटून बघितलं.

मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली रिबीन काढली. पिवळी, रुंद, कडेला पांढरी रेघ असलेली. ‘ही घेऊन ठेवली होती. शाळा सुरू व्हायच्या दिवशी देणार होते. दुकानदार परत घेत नाही. नात तर येत नाही इकडं.’ त्यांनी रिबीन मांडीवर सरळ केली, परत गुंडाळली. ‘आता कुणाला देऊ ही?’

इतकी वर्षं तिनं जे काही घेतलं ते दुसऱ्या कुणाच्या नावावर घेतलं होतं. आताही ओठांवर आलं होतं की खालच्या मजल्यावर एक मुलगी आहे, तिला देऊ.

‘मला द्या,’ ती म्हणाली.

काकूंनी तिच्याकडं बघितलं. तिच्या कानशिलाशी केस पांढरे व्हायला लागले होते. काकू उठल्या, तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी तो दातांत धरला.

‘मान सरळ ठेव,’ काकू दातांतूनच म्हणाल्या. ‘आणि हलू नकोस.’